एकमताने मंजूर

“बाई, त्या पोरीचं टायपिंग चुकलंय. आम्ही सगळं दुरुस्त करून दिलंय, काळजी करू नका,” असं म्हणत कारखान्याचे संचालक तात्या मगदूम यांनी कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि बक्षीस घ्यायला आल्यासारखे समोरच्या खुर्चीत बसले.

‘ती पोरगी’ म्हणजे ऋजुता टिपणीस. ती माझ्या शेजारीच उभी होती. पुण्याहून आलेली, पीएच.डी. करणारी, आणि पंधरवडाभर माझ्याच क्वार्टरमध्ये राहून माझ्याच हातची भाकरी खाणारी. तिनं वरचा कागद उचलला, मग दुसरा, मग तिसरा, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“दुरुस्त म्हणजे काय केलंत?” तिनं विचारलं.

“अगं, निम्म्या कागदांवर तू शशिकांत मोहिते लिहिलंयस आणि निम्म्यांवर शशिकला मोहिते. बाकी मजकूर तोच. दूध संघाचा मॅनेजर बाई कशी असंल? म्हटलं, पोरगी दमली असणार टाईप करून करून. मग शशिकला खोडून सगळीकडं शशिकांत केलं.”

“सगळीकडं?”

“एक पण सोडला न्हाई,” तात्या अभिमानानं म्हणाले.

“आणि उत्तरं? सगळ्या कागदांवर एकच उत्तरं कशी?”

“ठरावच केला की! चहाला सगळे संचालक जमलेच हुते. एकेकानं डोकं खाजवत बसण्यापरास म्हटलं एकदाच ठरवून टाकू. मोहिते करारी हायेत काय? हायेत. शिस्तीचे हायेत काय? हायेत. सूचक मी, एकमताने मंजूर. सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं.” आणि दुपारच्या बैठकीला भेटू असं सांगून तात्या उठले.

ते गेल्यावर ऋजुता खुर्चीत बसली ती पोतं टाकल्यासारखी. मला हसू आवरेना, आणि तिला रडू.

आता आधी माझी ओळख सांगते. मी हेमलता इंगवले. त्या वेळी कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते, आणि वर प्रभारी जनरल मॅनेजर. प्रभारी म्हणजे काय, तर पाहुणे येईपर्यंत पाटावर बसवलेलं माणूस. पाहुणे आले की मुकाट्यानं उठायचं. आधीचे जनरल मॅनेजर सोडून गेल्यापासून दोन हंगाम मी पाटावर होते. पगार केमिस्टचा, शिव्या जनरल मॅनेजरच्या. दर खेपेला संचालक मंडळ ठराव करायचं, ‘योग्य इसम मिळेपर्यंत इंगवलेबाईंनी काम पाहावे.’ आणि तो ठराव इतिवृत्तात लिहून कोण घ्यायचं? मीच.

त्या दुपारच्या बैठकीत मात्र निकाल लागणार होता. बॉयलर पेटवायचा मुहूर्त तोंडावर आला होता, आणि हंगाम सुरू व्हायच्या आत खुर्ची कायमची भरायचीच, असं आमचे चेअरमन आबासाहेब बोलून बसले होते. मला ती खुर्ची हवी होती. उगाच कशाला खोटं बोलू, अगदी मनापासून हवी होती. पण तसं मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. अगदी घरी ह्यांनासुद्धा नाही.

“काय गं, एवढं काय बिघडलं?” मी ऋजुताला विचारलं.

“मॅडम, तोच तर माझा प्रयोग होता! बायका व्यवस्थापनात आल्या की लोक त्यांना कसं जोखतात, ते बघायचं होतं. गोष्ट एकच. निम्म्यांना सांगायचं हे काम पुरुषानं केलं, निम्म्यांना सांगायचं बाईनं केलं. मग बघायचं, त्याच वागण्याला पुरुषाच्या बाबतीत करारी म्हणतात का आणि बाईच्या बाबतीत हेकट म्हणतात का. जो फरक पडेल, तोच माझा अभ्यास. आता फरकच उरला नाही!”

“उरला कसा नाही? सगळ्या बायका खोडल्या, हा फरक नव्हे होय?”

“तो आकड्यात बसत नाही ना!”

पुण्याची पोर ती. तिला आमच्याकडची रीत ठाऊक नव्हती. आमच्या मंडळात भांडणं व्हायची ती जीपमध्ये, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर गुऱ्हाळावर. बैठकीच्या टेबलाशी एकदा बसलं की सगळं एकमतानं. आबासाहेबांच्या आजवरच्या कारकिर्दीत एकही ठराव मताला टाकलेला नव्हता, आणि मंजूर झालेला एकही फिरवलेला नव्हता. त्याचा त्यांना भारी दिमाख. अशा माणसांना ही म्हणणार, एकेकानं आपापलं मत लिहा, शेजाऱ्याला दाखवू नका! शेजाऱ्याला न दाखवता आमच्या संचालकांनी आयुष्यात काही लिहिलं असेल तर फक्त मतपत्रिका.

“पण त्या कागदावर गोष्ट आहे तरी कसली?” मी विचारलं.

“ती तुम्हाला नाही सांगायची, मॅडम. ज्यांचा अभ्यास चाललाय त्यांना आधी कळलं तर नियम मोडतो.”

“बरं बाई. नियमानं वाग. पण आधी डोळे पूस आणि दोन घास खाऊन घे.”

दुपारी सभागृहात पंखे फिरत होते, चहा आला होता, संचालक आपापल्या खुर्च्यांवर फेटे-टोप्या सावरत बसले होते. माझ्या समोर चीफ इंजिनिअर रेठरेकर. जनरल मॅनेजरच्या खुर्चीवर त्यांचाही डोळा होता, पण माणूस सरळ. आपल्याला यंत्रं कळतात, माणसं कळत नाहीत, हे स्वतःच सांगायचे. मी पेन उघडून विषय वाचला, “जनरल मॅनेजर पदाची नेमणूक.”

आबासाहेबांनी हात वर केला. “थांबा. आधी त्या पुण्याच्या पोरीला आत बोलवा. मला त्या मोहित्याचा पत्ता पाहिजे.”

“कुठल्या मोहित्याचा?” मी विचारलं.

“शशिकांत मोहित्याचा! सकाळी चहाला तिच्या कागदावर वाचलं न्हवं का? तसला माणूस जनरल मॅनेजर म्हणून मिळाला पाहिजे. दूध काय आणि साखर काय, माणूस छातीचा लागतो. तात्या, वाचा परत. बाईंनी आणि रेठरेकरांनी ऐकलेलं न्हाई.”

ऋजुता आत येऊन दाराशी उभी राहिली, ती अपराध्यासारखी. तात्यांनी चष्मा चढवला आणि पोथी वाचावी तसं हेल काढत सुरू केलं.

“‘शशिकांत मोहिते हे एका दूध संघात अधिकारी आहेत. अध्यक्ष परगावी गेले आहेत. यंत्रात चिकटा धरल्यामुळे दूध आंबत आहे. बाहेर शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांची रांग लागली आहे—’”

“दूध बैलगाडीतनं कुठं येतंय?” कुणीतरी मध्येच म्हणालं.

“त्यांच्याकडं येत असंल. ऐका की! ‘काम बंद करण्याचा अधिकार मोहिते यांना नाही. तरीही ते यंत्र बंद करायला लावतात आणि उकळत्या पाण्यानं धुऊन घेतात. शेतकरी चिडतात. तेव्हा मोहिते फाटकाबाहेर जाऊन एका बैलगाडीवर चढतात आणि म्हणतात, आज एक दिवस माझ्यावर रागवा, नाहीतर वर्षभर नशिबावर रागवत बसाल.’”

माझं पेन थांबलं.

ते वाक्य माझं होतं. अगदी शब्दन् शब्द माझं. फक्त मी ‘हंगामभर’ म्हटलं होतं.

तीन हंगामांमागची गोष्ट. भर माघात आमच्या कारखान्यात रस आंबायला लागला होता. गिरणीत सगळीकडं चिकटा धरला होता, आणि उसातून निघणारी साखर रोज घसरत होती. गाळप थांबवून गिरणी धुतल्याशिवाय इलाज नव्हता, आणि गाळप थांबवायचं म्हणजे रस्त्यापर्यंत उभ्या असलेल्या गाडीवाल्यांचा ऊस उन्हात वाळवायचा. आबासाहेब मुंबईला. फोन लागेना. जनरल मॅनेजर दवाखान्यात. मी पदर खोचला आणि गिरणी बंद करायला लावली. मग फाटकाबाहेर जाऊन उसाच्या गाडीवर चढले. एकानं अर्धा चघळलेला ऊस फेकून मारला, तो खांद्याला लागला. पण लोक थांबले, गिरणी धुतली गेली, आणि त्या वर्षी साखर अशी निघाली की आजूबाजूचे कारखाने बघत राहिले. हे सगळं मी ऋजुताला एकदा जेवताना हसत हसत सांगितलं होतं, त्या चघळलेल्या उसाची गंमत म्हणून. ह्या शहाणीनं रसाचं दूध केलं, कारखान्याचा दूध संघ केला, आणि बैलगाडी मात्र बदलायची विसरली!

मी मान वर केली तर समोर रेठरेकर माझ्याकडंच बघत होते. त्यांनीही ओळखलं होतं.

“वा!” आबासाहेब म्हणाले. “ह्याला म्हणायचं माणूस. अधिकार नसताना निर्णय घ्यायला काळीज लागतं.”

“आणि तोंडाचा गोड किती बघा,” तात्या म्हणाले. “चिडलेल्या गाडीवाल्याला एका वाक्यात गार केला.”

“असल्या माणसाच्या हातात कारखाना डोळे झाकून द्यावा.”

प्रत्येकजण काही ना काही बोलत होता, आणि मी खाली मान घालून ऐकत होते. किती म्हणून गोड लागत होतं, काय सांगू! आणि तितकंच झोंबतही होतं. एवढ्या वर्षांत ह्यातलं एक अक्षर कुणी माझ्या तोंडावर बोललं नव्हतं. बाई कष्टाळू आहेत, बाई वेळेवर येतात, बाईंचा स्वभाव चांगला आहे, एवढंच. त्या मेल्या शशिकांत मोहित्याचा मला असा हेवा वाटला! नसलेल्या माणसाचा हेवा करणारी मी पहिलीच असेन.

“मग ठरावच करून टाकू,” आबासाहेब म्हणाले. “सदर काम करणाऱ्या अधिकाऱ्याची जनरल मॅनेजर पदावर कायम नेमणूक करावी. बंगला आणि जीप द्यावी.”

“सूचक मी,” तात्या म्हणाले.

“एकमताने मंजूर. लिहून घ्या, बाई.”

मी लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता. माझं अक्षर चांगलं आहे, असंही सगळे म्हणायचे.

“हां, आता पत्ता सांग, पोरी,” आबासाहेब ऋजुताला म्हणाले. “ड्रायव्हर तयारच हाय.”

ऋजुता एकदा त्यांच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. “सर, अभ्यासाचा नियम असतो… ज्यांच्यावरून गोष्ट घेतली त्यांचं नाव मला सांगता येत नाही.”

“मग आम्ही हुडकून काढू. जिल्ह्यात दूध संघ असे कितीसे हायेत!”

आमच्या आईनं आम्हा बहिणींना शिकवलं होतं, आपल्या तोंडानं आपली थोरवी गाऊ नये. मी ते इतकं मनावर घेतलं होतं की कुणी चुकून शाबासकी दिलीच, तरी मी म्हणायची, “छे हो, सगळ्यांनी मिळून केलं.” आत्ताही तोच शब्द ओठावर आला होता. पण हे लोक जीप घेऊन गावोगाव एक माणूस धुंडाळणार, आणि तो न सापडल्यावर दुसरा कुठला तरी पुरुष आणून माझ्या डोक्यावर बसवणार. आणि तोही ठराव मीच लिहून घेणार. आई, माफ कर, म्हटलं मनात.

“आबासाहेब,” मी म्हणाले, “जीप पाठवू नका. ते दूध नव्हतं, आपला रस होता. तो मोहिते म्हणजे मी.”

तात्यांनी हातातला कागद उलटापालटा करून पाहिला.

“म्हंजे माघात गाळप बंद पडलं हुतं, ते?” तात्यांनी विचारलं.

“पडलं नव्हतं. मी थांबवलं होतं.”

“रेठरेकर,” आबासाहेब वळले, “खरं काय?”

रेठरेकरांनी कान खाजवला. “खरं आहे, साहेब. मी गिरणी धुवून घेतली, पण बंद करा म्हणाल्या त्या बाईच. मी नको म्हणत होतो. गाडीवर पण त्याच चढल्या. मी आपला फाटकाच्या आत होतो.”

“मग त्या वर्षी साखर चांगली निघाली म्हणून वार्षिक सभेत नारळ, शाल आणि फेटा आम्ही तुम्हाला दिला तो?”

“दिलात, म्हणून घेतला. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शाल चांगली आहे. बायको अजून पांघरते.”

आता खरी मजा सुरू झाली. तात्यांनी चष्मा काढून पुसला. “न्हाई, काम झालं ते चांगलंच झालं. पण आबासाहेब, तसं बघायला गेलं तर चेअरमनला न विचारता कारखाना बंद ठेवायचा, म्हंजे जरा अगोचरपणाच की.”

“आणि गाडीवर चढायचं म्हंजे…” दुसरे एक संचालक म्हणाले. “बाईमाणसाला शोभतंय काय? कुणी काय फेकून मारलं असतं मग?”

“मारला होता,” मी म्हणाले. “ऊस.”

“बघा! आणि बाईंची पोरं अजून शाळंत. जनरल मॅनेजरला कुठं कुठं फिरावं लागतंय. घरचं कुणी बघायचं?”

दाराशी ऋजुतानं कधी वही काढली कोण जाणे, पण तिचा हात असा चालला होता की विचारू नका. सकाळपासून सुकलेला तिचा चेहरा आता जत्रेतल्या पोरासारखा फुलला होता. आकड्यांत न बसलेला तिचा फरक समोर टोप्या घालून बसला होता आणि बोलत होता.

“मी एक मधला मार्ग सांगतो,” तात्या म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो. माझ्या पोरांना दरवर्षी पेरू आणून द्यायचा. “बाईंना अजून एक हंगाम प्रभारी ठेवू. मग बघू. सूचक—”

“तात्या,” मी पेन खाली ठेवलं. “मोहित्यांना तुम्ही प्रभारी म्हणून बोलवत होता का? मी आता प्रभारी राहणार नाही. ठराव आहे तसा पाळायचा तर पाळा. नाहीतर मी उद्यापासून माझ्या प्रयोगशाळेत. बॉयलर पेटवायला दुसरं कुणीतरी बघा.”

असं मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. बोलून झालं आणि वाटलं, गेलं सगळं. खुर्चीही गेली आणि चांगुलपणाही.

आबासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. माणूस राजकारणात मुरलेला. तो कुणाच्या बाजूनं विचार करतोय, हे त्याच्या बायकोलाही कळत नसेल. मग ते तात्यांना म्हणाले, “तात्या, मघाशी मोहित्याला बंगला देताना, त्याला पोरं किती आणि त्यांना कोण सांभाळतंय, हे विचारलं हुतंस काय?”

“न्हाई.”

“मी पण न्हाई इचारलं. ठरावात काय लिहिलंय, बाई?”

“सदर काम करणाऱ्या अधिकाऱ्याची जनरल मॅनेजर पदावर कायम नेमणूक करावी. बंगला आणि जीप द्यावी. सूचक तात्यासाहेब मगदूम. एकमताने मंजूर.”

“झालं तर मग. मंजूर झालेला ठराव मी आजपर्यंत फिरवला न्हाई आणि एका बाईपायी फिरवणार पण न्हाई. पुढचा विषय घ्या.”

बघा, जनरल मॅनेजर झाले तीही अशी. मी योग्य आहे म्हणून नव्हे, तर आबासाहेबांची मान खाली जायला नको म्हणून! त्या वेळी मला त्याचा थोडा राग आला. पण खुर्ची ती खुर्ची. तिच्यावर बसल्यावर ती कशी मिळाली ते कुणी विचारत नाही. मी पुढं निवृत्त होईपर्यंत तिच्यावर बसले.

बैठक संपली. ऋजुतानं बाहेर मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, “मॅडम, माझा प्रयोग पार फसला, पण प्रबंध झाला!” आणि धावत खोलीवर लिहायला गेली. मी व्हरांड्यात एकटीच उभी होते. डोळे भरून आले होते, ते पुसत होते. मागून आबासाहेब काठी टेकत आले. आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, एक विचारू? त्या सभेत आम्ही रेठरेकरांचा सत्कार केला, तेव्हा तुम्ही कुठं हुता? तिथंच का न्हाई सांगितलंत?”

“तिथंच होते की, आबासाहेब. तुमच्या शेजारी, स्टेजवर.”

“शेजारी? मला कशा दिसला न्हाई?”

“तबक घेऊन उभी होते. नारळ, शाल आणि फेटा तुम्ही माझ्याच हातातल्या तबकातून उचललात.”

कारखान्यात बाई अधिकारी अशी मी एकटी, म्हणून प्रत्येक सत्काराला तबक माझ्याकडं. दरवर्षीचं ठरलेलं. आबासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्या पक्क्या माणसाचे डोळे पहिल्यांदा खाली गेले. मला वाटलं आता माफी मागतात की काय. पण नाही. ते खरोखरच्या काळजीनं म्हणाले, “पण मग बाई, आता तुम्ही जनरल मॅनेजर झालात. पुढच्या सभेला तबक कोण धरणार?”

“सूचकांना सांगा,” मी म्हणाले.

आणि त्यांनी खरंच सांगितलं. त्या वर्षीच्या सभेत तात्या मगदूम नवा फेटा बांधून, दोन्ही हातांत तबक धरून स्टेजवर उभे राहिले. समोर हजारभर सभासद, त्यात तात्यांचे व्याही. सत्कारांची यादी लांबलचक. नारळ तबकात इकडून तिकडं घरंगळायला लागला की तात्याही त्याच्याबरोबर कलायचे. माझा सत्कार शेवटी होता. मी तबकासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांच्या कपाळावर घामाच्या धारा होत्या.

“बाई,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले, “हात भरून आले हो. आणि आपण हितं उभं हाय, हे कुणी बघतच न्हाई.”

“सवय होते, तात्या,” मी म्हणाले, आणि मान पुढं करून शाल घेतली.